जगाच्या पुराणकथा आणि मुलांची चित्रवही

(पालक आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



१९६७ साली दिल्ली दूरदर्शनवर एक प्रश्नमंजूषा झाली. ग्रीक देवांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी चटकन दिले. श्रीरामाच्या मातेचे नाव मात्र त्यांना सांगता आले नाही. अनंत पै यांनी तो कार्यक्रम पाहिला आणि त्या अस्वस्थतेतून ‘अमर चित्र कथा’ जन्मास आली. हा प्रसंग अनंत पै स्वतः सांगत असत आणि आपल्यापैकी अनेकांनी तो ऐकला असेल. त्यातून बहुधा एकच तात्पर्य काढले जाते, की परक्या कथा मुलांच्या कानी पडू देऊ नयेत. परंतु अनंत पै यांनी काढलेला निष्कर्ष वेगळा होता. त्यांनी ग्रीक कथांवर बंदी मागितली नाही. त्यांनी लेखक जोडले, राम वाईरकरांसारखे चित्रकार जोडले आणि आपल्या कथा चित्ररूपाने घरोघरी पोहोचवल्या. उणीव होती ती आपली कथा मुलांच्या डोळ्यांसमोर नसण्याची. त्यांनी नेमकी तीच भरून काढली.

त्या घटनेला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. आजच्या मुलाला कौसल्येचे नाव कदाचित ठाऊक असेल. हनुमान, कृष्ण, गणपती त्याला कार्टूनमधून भेटले आहेत. उत्तर युरोपातील थोर हा देवही त्याला चित्रपटातून भेटला आहे. प्रश्न आता नावांचा उरलेला नाही, तो चित्राचा आहे. एखाद्या मुलाला हनुमान काढावयास सांगा. तो पडद्यावर पाहिलेलाच हनुमान काढील. थोर काढावयास सांगा, तो सोनेरी केसांचा नट काढील. जुन्या नॉर्स साहित्यातील थोर लाल दाढीचा होता, हे त्याला कळण्याचे कारणच नाही. शाळेतील चित्रकलेच्या तासाची कथा याहून निराळी नाही. दोन डोंगर, त्यांमध्ये सूर्य, खाली वाहत येणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. पिढ्यान्‌पिढ्या हेच चित्र चालत आले आहे. त्यात आता चार शब्द टाकताच क्षणार्धात गुळगुळीत चित्र काढून देणारे यंत्रही घरातल्या मोबाईलमध्ये येऊन बसले आहे.

अशा वेळी विचारावयाचा प्रश्न असा : आपल्या मुलाच्या मनातील चित्र कोण काढणार? मुलाने ऐकलेली कथा त्याच्या स्वतःच्या मनःचक्षूंसमोर उभी राहणार, की दुसऱ्याने आधीच काढून ठेवलेले चित्र तिथे चिकटवले जाणार? पुराणकथा आणि चित्र यांची सांगड घालून मुलांना शिकवणे हा वरकरणी छंदाचा विषय वाटतो. वस्तुतः तो मुलाच्या कल्पनाशक्तीच्या स्वातंत्र्याचा विषय आहे.

कथा आणि चित्र : एक जुने नाते

कथा सांगावी आणि त्याच वेळी चित्र दाखवावे, ही रीत आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली. कागदावरील चित्रांची पोथी समोर ठेवायची, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान गायचे आणि एकेक चित्र उलगडत जायचे. या परंपरेतील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री सन्मान मिळाला. पैठण शैलीची अशीच चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. दोन चित्रे पाठीस पाठ लावून चिकटवलेली असतात. एक बाजू सांगून झाली की कथेकरी कागद उलटतो आणि प्रसंग बदलतो. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांत लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी गाणी गाते. तेथेही रेषा आणि कथा एकत्रच जन्म घेतात.

आता जरा पूर्वेकडे वळू. जावा बेटावर ‘वायांग बेबेर’ नावाचा प्रकार आहे. तेथे दालांग, म्हणजे सूत्रधार, लांब चित्रपट उलगडत कथा सांगतो. त्याचीच भावंडे म्हणजे ‘वायांग कुलित’, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ. आज इंडोनेशियातील बहुसंख्य लोक इस्लामधर्मीय आहेत, तरीही या छायाखेळातून पांडव आजही रात्रभर पडद्यावर वावरतात. जपानमध्ये १९३०च्या दशकात ‘कामिशिबाई’ ही कागदी रंगभूमी गल्लोगल्ली पोहोचली. सायकलवर लाकडी चौकट, तीत सरकवलेली चित्रे, मुलांच्या बाजूस चित्र आणि सांगणाऱ्याच्या बाजूस मजकूर. मुलांना गोळ्या-मिठाई विकायची आणि गोष्ट सांगायची, हा त्या कथेकऱ्यांचा चरितार्थ. दूरचित्रवाणी आल्यावर हा व्यवसाय ओसरला. परंतु जपानच्या शाळांनी आणि बालवाड्यांनी तो शिक्षणाचे साधन म्हणून टिकवला.

पिंगुळीची पोथी आणि जपानची चौकट शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही ठिकाणी चित्र स्थिर आहे, हलतो तो आवाज. दोन चित्रांमधील जागा ऐकणाऱ्याला स्वतः भरून काढावी लागते. पडदा ही जागा शिल्लक ठेवत नाही आणि मुलाची कल्पना तर नेमकी त्या जागेतच वाढते.

चित्रकार क्षण निवडतो

मुलाला कथेचे चित्र काढावयास सांगितले, की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवडीचा. कथा लांबलचक असते, कागद मात्र एकच. कोणता क्षण घ्यावा? येथे जगातील थोर चित्रकार आणि शिल्पकार हेच उत्तम शिक्षक ठरतात.

वेरूळच्या कैलास लेण्यात रावण कैलास पर्वत हलवीत असल्याचे शिल्प आहे. शिल्पकाराने रावणाची तपश्चर्या घेतली नाही, वरप्राप्तीही घेतली नाही. पर्वत हादरतो तो एकच क्षण घेतला. तळाशी अनेक हातांनी जोर लावणारा रावण, वर शंकराला बिलगलेली पार्वती, भयाने पळणारी दासी आणि या साऱ्या खळबळीत शांत बसलेले महादेव. हालचाल आणि स्थैर्य एकाच पाषाणात आले आहेत. मुलांना हे शिल्प दाखवून विचारावे : यात कोण घाबरले आहे? कोण घाबरलेले नाही? ते कशावरून कळले? मुले चेहऱ्याकडे बोट दाखवत नाहीत. ती देहाच्या कलाकडे, हातांकडे, पायांकडे बोट दाखवतात. चित्रकलेचा एक मोठा धडा त्यांनी स्वतःच शोधलेला असतो.

आता ग्रीसचे एक उदाहरण. इसवी सनापूर्वी सुमारे ५४० ते ५३० या काळात एक्सेकियस या कुंभार-चित्रकाराने एक कुंभ रंगवला. तो आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. ट्रॉयच्या युद्धातील अकिलीस आणि अजॅक्स हे दोन महावीर त्यावर आहेत. परंतु ते लढत नाहीत, पटावर वाकून खेळत बसले आहेत. भाले हातात आहेत, ढाली मागे टेकवल्या आहेत. अकिलीसच्या मुखाशी ‘चार’ आणि अजॅक्सच्या मुखाशी ‘तीन’ असे शब्द लिहिले आहेत. चित्रातील माणसांच्या तोंडी शब्द घालण्याची ही युक्ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे! कथा जाणणाऱ्याला ठाऊक असते, की या दोघांपैकी कोणीही त्या युद्धातून जिवंत परतणार नाही. म्हणून तो शांत खेळ पाहताना मन अस्वस्थ होते. महाभारत जाणणाऱ्या मराठी मुलाला येथे दुसरा एक पट आठवल्यावाचून राहत नाही. मग त्याला विचारावे, की द्यूतसभेचे चित्र काढायचे, तर तू कोणता क्षण घेशील? फासे हातात असतानाचा, की फासे पडल्यानंतरचा?

तिसरे उदाहरण स्वीडनचे. अल्तुना येथील एका कोरीव शिळेवर थोर देव महासर्पाला गळाला लावतो ती कथा आहे. सर्पाने असा हिसका दिला की थोरचे पाय होडीचा तळ फोडून खाली गेले, असे ही कथा सांगते. शिल्पकाराने समुद्र कोरला नाही, लाटा कोरल्या नाहीत. एक छोटी होडी, एक दोरी आणि होडीच्या तळातून बाहेर आलेला पाय, एवढ्यावर देवाची सारी शक्ती व्यक्त केली. ‘खूप शक्ती’ कशी काढावी, या प्रश्नावर मुले सहसा फुगलेले दंड काढतात. हा पाय पाहिल्यावर त्यांच्या लक्षात येते, की शक्ती तिच्या परिणामातूनही दाखवता येते.

एकच प्रश्न, अनेक उत्तरे

जगातील पुराणकथा शेजारी ठेवल्या, की काही प्रश्न सर्व मानवांनी विचारलेले दिसतात. प्रलयाची कथा घ्या. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या हाती हात धुण्याच्या पाण्यात एक चिमुकला मासा येतो. तो घटात मावेनासा होतो, मग खड्ड्यात मावेनासा होतो, शेवटी समुद्रात जातो. आणि प्रलयकाळी त्याच्याच शिंगाला मनू आपली नौका बांधतो. मेसोपोटेमियाच्या गिल्गमेश महाकाव्यात उत्नपिश्तिम नौका बांधतो आणि पाणी ओसरले का हे पाहण्यासाठी कबुतर, पाकोळी आणि डोमकावळा असे पक्षी सोडतो. ही कथा मातीच्या विटांवर कोरलेली होती. ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ यांनी ती १८७२ साली वाचून जगापुढे आणली. ग्रीसचे ड्युकेलियन आणि पिऱ्हा प्रलयानंतर पाठीमागे दगड टाकत चालतात आणि त्या दगडांतून माणसे उठतात. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम परंपरेत नोहाची, नूहची कथा आहे.

चित्रकलेच्या दृष्टीने यातील प्रत्येक कथा निराळे आव्हान देते. मनूच्या कथेत मासा वाढत जातो, कागद मात्र तेवढाच राहतो. सहा चित्रांत मासा वाढताना दाखवायचा, तर पहिल्या चित्रात ओंजळ मोठी आणि मासा ठिपक्याएवढा. शेवटच्या चित्रात मासा कागदाबाहेर जातो आणि नौका ठिपक्याएवढी होते. प्रमाण म्हणजे काय, हे व्याख्येवाचून समजते. उत्नपिश्तिमच्या कथेत रिकामे आकाश आणि त्यातला एकटा पक्षी काढावा लागतो. रिकाम्या जागेलाही अर्थ असतो, हे तेथे कळते. ड्युकेलियनच्या कथेत अर्धा दगड आणि अर्धा माणूस काढायचा असतो; मुलांना तो विशेष आवडतो.

दुसरा प्रश्न मृत्यूनंतरच्या न्यायाचा. इसवी सनापूर्वी सुमारे १२७५च्या काळातील हुनेफर या इजिप्शियन लेखनिकाची चित्रगुंडाळी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कोल्हेमुखी अनुबिस देव त्याला हात धरून आणतो. तराजूच्या एका पारड्यात त्याचे हृदय आणि दुसऱ्यात सत्याचे, मातचे पीस ठेवले आहे. पक्षिमुखी थोथ निकाल लिहून घेतो. मगरीचे तोंड, सिंहाचा पुढील देह आणि पाणघोड्याचा मागील देह असलेली अम्मित टपून बसली आहे. हृदय जड भरले तर ते ती गिळणार. हुनेफर या एकाच चित्रपट्टीत पुन्हा पुन्हा येतो, प्रसंग पुढे सरकतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकातही एकच राजपुत्र असाच पुन्हा पुन्हा भेटतो. थोथ पाहून आपल्या मुलांच्या तोंडून ‘हा तर चित्रगुप्त!’ असे उद्‍गार निघतात. साम्य त्यांना दिसले, हे चांगलेच झाले. मग भेदही दाखवावा. चित्रगुप्त कर्मांचा हिशेब ठेवतो, येथे हृदयाचे वजन होते. ‘तुझ्या हृदयाच्या पारड्यात तू काय काढशील?’ असे विचारले, की दहा वर्षांचे मूल गप्प होते आणि मग रेखाटू लागते. कोणी लपवलेली पेन्सिल काढतो, कोणी आजीशी बोललेले उर्मट शब्द कसे काढावेत हे विचारतो. संस्कार यापेक्षा वेगळा असतो काय?

तिसरा प्रश्न प्रियजनाला मृत्यूच्या हातून परत आणण्याचा. सावित्री यमामागून चालत जाते आणि आपल्या बुद्धीने, वाणीने सत्यवानाला परत मिळवते. ग्रीक गायक ऑर्फियस संगीताने पाताळाच्या देवांना द्रवित करतो. परंतु वाटेत मागे वळून पाहायचे नाही ही अट मोडतो आणि पत्नीला कायमचा मुकतो. ऑर्फियसचे चित्र सोपे, कारण मागे वळण्याचा क्षण हीच सारी कथा आहे. सावित्रीचे चित्र अवघड, कारण तिचा विजय संवादात आहे. संवाद कसा काढावा? यम आणि सावित्री यांच्यातील अंतर चित्रागणिक कमी होत गेलेले दाखवावे, की यमाची मान हळूहळू वळताना दाखवावी? हा विचार करताना मूल सावित्रीला जितके जवळून पाहते, तितके ते पाठ्यपुस्तकातील धडा वाचून पाहत नाही.

काही पथ्ये

या वाटेवर काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पहिले पथ्य आदराचे. ग्रीसच्या किंवा इजिप्तच्या प्राचीन देवांच्या पूजेची परंपरा खंडित झाली. म्हणून त्यांच्या कथांना ‘मिथक’ म्हणताना कोणास वेदना होत नाहीत. राम-कृष्णांच्या कथा आपल्यासाठी उपासनेचा भाग आहेत. आपल्या श्रद्धेविषयी इतरांनी जी जाणीव ठेवावी असे आपल्याला वाटते, तीच आपण इतरांच्या जिवंत श्रद्धांविषयी ठेवली पाहिजे. बालीतील हिंदूंची, जपानच्या शिंतो परंपरेची किंवा नोहाची कथा सांगताना थट्टेचा सूर नको.

दुसरे पथ्य प्रामाणिकपणाचे. साम्य दिसले की ‘हे आपल्याकडूनच तिकडे गेले’ असे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा असेल तेथे जरूर सांगावे. जावा बेटावर महाभारत भारतातूनच गेले. पुरावा नसेल तेथे मुलांच्या मनात असत्य पेरू नये. आपल्या परंपरेची थोरवी उसन्या दाव्यांवर उभी नाही. तसेच, जावाच्या कलावंतांनी महाभारतात सेमारसारखी आपल्या मातीतील पात्रे घातली, त्यांचे श्रेयही त्यांना द्यावे.

तिसरे पथ्य मोठ्यांच्या हाताचे. मुलाने काढलेला गणपती वाकडा दिसला, की पालक खोडरबर घेऊन धावतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवदेवतांच्या प्रतिमा सामान्यांच्या घरी पोहोचवल्या, हे त्यांचे मोठे ऋण. परंतु त्याच प्रतिमा हे देवाचे एकमेव रूप आहे, असेही आपल्या मनात रुजले. पिंगुळीचा गणपती निराळा, चोळ काळातील कांस्यमूर्तीतला निराळा, बालीतला निराळा. मुलाचा गणपतीही निराळा असू द्यावा. रावणाची दहा डोकी काढताना मुलापुढे अडचण येते, की मधले डोके धरले तर एका बाजूस चार आणि दुसऱ्या बाजूस पाच येतात. ही अडचण त्याला स्वतः सोडवू द्यावी.

घरी आणि वर्गात

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत बालशिक्षणाचे प्रयोग करणारे गिजुभाई बधेका यांनी कथा सांगण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक गोंधळ घालणाऱ्या वर्गाला गोष्टीनेच आपलेसे करतो. ताराबाई मोडक यांनी तेच कार्य महाराष्ट्रात, पुढे बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेले. या परंपरेचा धागा पकडून आठवड्यातून एक तास पुरेसा आहे.

क्रम असा असावा. प्रथम कथा तोंडी सांगावी. चित्र दाखवू नये. मुलांनी डोळे मिटून ऐकावे आणि मग काढावे. सर्वांची चित्रे झाल्यानंतरच वेरूळचे शिल्प, ग्रीक कुंभ किंवा इजिप्तची चित्रगुंडाळी दाखवावी. आधी दाखवली तर मुले तीच उतरवतात. नंतर दाखवली तर ‘त्यानेही माझ्यासारखाच विचार केला’ किंवा ‘त्याला हे कसे सुचले’ असा संवाद सुरू होतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांनी एकच पात्र काढावे. आठ ते दहा वर्षांच्या मुलांनी एक क्षण निवडावा आणि तोच का निवडला ते सांगावे. त्याहून मोठ्यांनी सहा चित्रांची पोथी करावी, पुठ्ठ्याच्या पाठीस पाठ लावून चिकटवावी आणि सोसायटीच्या गणेशोत्सवात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वतः उभे राहून ती कथा सांगावी. कथा सांगून झाल्यावर ‘तात्पर्य काय?’ असे विचारू नये. तात्पर्य चित्रात उतरलेले असते.

कथांच्या क्रमाचाही विचार असावा. एका महिन्यात आपली एक कथा आणि तिच्या नात्यातील जगातील एक कथा, अशी जोडी लावावी. आपली कथा आधी सांगावी, कारण मूल ज्या अंगणात उभे आहे तेथूनच त्याला पलीकडचे दिसते. इतरांची कथा अवश्य सांगावी, कारण पलीकडून पाहिल्यावर आपले अंगणही नव्याने दिसते.

शेवटी आइसलंडचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या देशाने इसवी सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. थोर आणि ओडिन यांची पूजा थांबली. दोनशेहून अधिक वर्षांनंतर स्नोरी स्टुर्लुसन या पंडिताच्या लक्षात आले, की जुन्या काव्यातील संदर्भ तरुण कवींना कळेनासे होत आहेत. त्याने त्या कथा लिहून काढल्या. त्या देवांविषयी आज जगाला जे ठाऊक आहे, त्याचा फार मोठा भाग त्या एका माणसाच्या लेखणीमुळे वाचला. आपल्या कथांवर अशी वेळ आलेली नाही. त्या सांगणारे आजी-आजोबा आहेत, गाणारे कीर्तनकार आहेत, पिंगुळीत पोथी उलगडणारे हात आहेत. उणीव आहे ती ऐकून स्वतःचे चित्र काढणाऱ्या मुलांची. येत्या रविवारी घरात एक कोरा कागद, एक पेन्सिल आणि मनूच्या ओंजळीतील त्या चिमुकल्या माशाची गोष्ट, एवढे जमले तरी आरंभ होईल.